कर्करोग गेल्यावर उरणारा शीण

कर्करोगाविषयीच्या विज्ञानवार्ता बहुधा दोनच गोष्टींभोवती फिरतात: नवे औषध आणि वाढलेले आयुष्य. उपचार संपवून घरी परतलेल्या माणसाचा दिवस कसा जातो, ही त्यांच्या लेखी वार्ता नसते. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार हे सारे सोसून ‘आता काळजीचे कारण नाही’ असा निर्वाळा मिळवलेल्या, साठी-सत्तरी ओलांडलेल्या असंख्य स्त्रीपुरुषांची तक्रार मात्र एकच असते: अंगात त्राण नाही. सकाळी उठावे तर रात्रभर ओझी वाहिल्यासारखे शरीर गळालेले. आंघोळ केली की पुन्हा आडवे व्हावेसे वाटते. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडून आले की तासभर कुणाशी बोलवत नाही. डॉक्टर अहवाल पाहून समाधानी असतात, घरची माणसे ‘वय झाले आता’ म्हणतात, आणि तक्रार तिथेच विरून जाते.

हा शीण वयाचा नव्हे, आळसाचा तर नव्हेच. तो रोगाचा आणि उपचारांचा अवशेष आहे, आणि त्याच्यावर इलाज करता येतो, असे माझे म्हणणे आहे. त्या इलाजांपैकी एक म्हणजे संथ, आधार घेऊन केलेली योगासने, श्वसन आणि शिथिलीकरण. त्याचा पुरावा माफक आहे, पण खरा आहे. योगाचा एवढा गजर करणाऱ्या आपल्या देशाने नेमका हाच उपयोग दुर्लक्षित ठेवावा, याचे मला सखेद आश्चर्य वाटते.

मराठीत थकण्यासाठी शब्दांची वाण नाही. दिवसभर शेतात राबून येतो तो शीण, दगदगीने येतो तो थकवा, मनावर चढते ती मरगळ, तापात येते ती ग्लानी. या साऱ्यांना एक समान उतार आहे: झोप झाली, चार घास पोटात गेले, मन रमले की त्या ओसरतात. कर्करोगानंतरचा शीण या पंक्तीत बसत नाही. केलेल्या कामाशी त्याचे प्रमाण जुळत नाही आणि विश्रांतीने तो उतरत नाही. काहींच्या बाबतीत तो उपचार संपल्यावर महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे टिकतो. असे का होते याची अनेक कारणे संशोधकांनी पुढे ठेवली आहेत. रोग व उपचार यांमुळे चेतलेला दाह काही रुग्णांत पुरता विझत नाही. झोपेची घडी विस्कटते. कॉर्टिसॉल या संप्रेरकाची सकाळ-संध्याकाळची लय बिघडते. आणि महिनोन् महिने पडून राहिल्याने स्नायू झिजतात. वय झालेल्या शरीरात या साऱ्याला हृदयविकार, मधुमेह, सांधेदुखी आणि औषधांची भली मोठी पुडी येऊन मिळते.

म्हणूनच योगवर्गाचा पत्ता शोधण्याआधी रक्त तपासावे. हिमोग्लोबिन कमी असेल, थायरॉइड मंदावली असेल, वेदना वा नैराश्य असेल, तर आधी त्याचा उपचार. रक्तक्षयाला प्राणायाम हे उत्तर नाही. हे इतके उघड असूनही पुनःपुन्हा सांगावे लागते, कारण योगाचे अतिउत्साही प्रचारक हीच पायरी वगळतात.

दुसरी चूक घरातल्यांकडून होते, आणि ती प्रेमापोटी होते. ‘आजी, तुम्ही उठू नका, मी आणते पाणी.’ या वाक्यातली माया नाकारता येत नाही. पण त्याचा शरीरावरचा परिणाम वेगळाच होतो. पडून राहिल्याने स्नायूंची ताकद घटते, ताकद घटल्यामुळे पुढच्या खेपेस तेवढ्याच कामाने अधिक दमायला होते, आणि अधिक दमल्यामुळे माणूस अधिक पडून राहतो. दुपारी लागलेली झोप रात्रीची झोप खाते. हे चक्र तोडायचे तर हालचाल वाढवावी लागते. कॅरन मस्टियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ११३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत ११ हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश होता. कर्करोगजन्य थकव्यावर व्यायाम आणि मानसोपचार हे दोन्ही औषधांपेक्षा अधिक उपयोगी ठरतात, असा त्याचा निष्कर्ष होता. शीण घालवण्यासाठी गोळी मागणाऱ्या रुग्णाला आणि ती लिहून देणाऱ्या डॉक्टरला, दोघांनाही हा निष्कर्ष अडचणीचा वाटेल.

मग रोज चालायला जावे, योगच कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्याला चालवते त्याने चालावेच. व्यायामाच्या बाजूचा पुरावा अधिक भक्कम आहे. परंतु ज्याच्या तळपायांना केमोथेरपीने बधिरपणा आला आहे, ज्याच्या गुडघ्यांची कुरकुर आधीपासूनच आहे, ज्याच्या गल्लीत पदपथ नाही आणि कोपऱ्यावर भटकी कुत्री आहेत, त्याला ‘रोज अर्धा तास भरभर चाला’ हा सल्ला कागदावरच राहतो. शिवाय या शिणात शरीराइतकेच मनही अडकलेले असते. रोग उलटेल काय ही भीती रात्री दोन वाजता जागी होते. संथ श्वसन आणि शिथिलीकरण या दोन गोष्टी चालण्यातून सहजी मिळत नाहीत.

या विषयावरचे सर्वांत सलग काम अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात झाले आहे. तेथील मस्टियन यांच्या गटाने कर्करोगातून वाचलेल्यांसाठी एक योगक्रम बेतला: सौम्य हठयोग आणि विश्रांतीची आसने, श्वसन, ध्यान, आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी ७५ मिनिटे, असे चार आठवडे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची मुख्य चाचणी ४१० जणांवर होती आणि तिचा विषय झोप हा होता. त्याच चाचणीतील साठ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या ९७ जणांची माहिती वेगळी काढून २०१५ मध्ये तपासली गेली, तेव्हा योग करणाऱ्यांचा थकवा केवळ नेहमीची वैद्यकीय देखभाल मिळालेल्यांपेक्षा लक्षणीयरीत्या घटलेला आढळला. २०१९ मध्ये त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. थकव्यातील सुधारणेचा २२ टक्के वाटा झोपेचा दर्जा सुधारल्यामुळे आणि ३७ टक्के वाटा दिवसा पेंगुळलेपणामुळे होणारी अडचण कमी झाल्यामुळे होता. म्हणजे योगाने अंगात काही गूढ शक्ती संचारली असे नव्हे. रात्र सुधारली, म्हणून दिवस सुधारला. मला हे स्पष्टीकरण आवडते, कारण त्यात चमत्काराला जागा नाही.

या निष्कर्षावर एक आक्षेप उरतोच. योगवर्गाला येणाऱ्याला शिक्षक भेटतो, सोबत मिळते, घराबाहेर पडायला कारण मिळते; मग श्रेय आसनांना द्यायचे की गप्पांना? २०२३ मध्ये अमेरिकी कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत याच गटाने साठीपुढच्या १७३ जणांची चाचणी मांडली. तीत तुलनेच्या गटाला आरोग्यशिक्षणाचे वर्ग दिले होते, म्हणजे सोबत आणि लक्ष दोन्ही गटांना मिळाले. तरीही थकव्याच्या बाबतीत योगाचे पारडे जड राहिले.

असे असले तरी सावधपणा सोडून चालणार नाही. थकवा मोजायचा तो रुग्णाला विचारूनच, आणि आपण योग करतो आहोत हे रुग्णापासून लपवता येत नाही. बहुतेक सहभागी स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या अमेरिकी स्त्रिया. चार आठवड्यांपुढचे चित्र अस्पष्ट. २०२४ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच उपचारोत्तर थकव्यासाठी व्यायाम, विचार-वर्तन उपचार आणि सजगतेवर आधारलेले कार्यक्रम यांची ठाम शिफारस आहे, तर योगाबाबत ‘सुचवता येईल’ एवढेच म्हटले आहे. उपचार चालू असतानाच्या काळासाठी त्याच सूचनांनी चिनी ताई-ची व छी-गोंग यांना ठाम शिफारशीच्या पंक्तीत बसवले. आपल्या अभिमानाला हे थोडे लागेल. पण शेजाऱ्याने आपल्या संथ व्यायामाचा पुरावा अधिक नेटाने गोळा केला असेल, तर त्यावर रुसून उपयोग नाही.

पुरावा गोळा करण्यात आपण मागे असलो, तरी पद्धत मात्र आपल्याच दारात आहे. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि २०१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. लहानपणी क्षयासारख्या आजारांनी खंगलेल्या या माणसाने दुर्बळ शरीराला आसन कसे झेपवावे याचा विचार आयुष्यभर केला. १९७५ मध्ये उभ्या राहिलेल्या रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्थेत जाऊन आलेल्यांना तेथील खुर्च्या, लोड, लाकडी ठोकळे, पट्टे आणि भिंतीला टांगलेले दोर आठवत असतील. आसनाचा लाभ घ्यायचा, श्रम मात्र आधाराने उचलायचे, हे त्यामागचे सूत्र. थकलेल्या माणसासाठी याहून समंजस विचार दुसरा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील ज्युलियन बावर यांनी स्तनाच्या कर्करोगानंतर चिवट थकवा उरलेल्या ३१ स्त्रियांवर २०१२ मध्ये जी चाचणी प्रसिद्ध केली, तीत त्यांनी बारा आठवड्यांचा हाच अय्यंगार पद्धतीचा क्रम वापरला. थकवा घटला आणि वर्ग संपल्यावर तीन महिन्यांनीही ती सुधारणा टिकून होती. संख्या लहान आहे आणि त्या स्त्रियांचे सरासरी वय साठीच्या आतले होते, हेही नोंदवले पाहिजे. तरी पुण्यात जन्मलेली लोड-खुर्चीची युक्ती लॉस एंजेलिसमध्ये कर्करोगाच्या शिणावर तपासली जाते, आणि पुण्यातल्या किती कर्करोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर ती कधी लिहिली जाते, हा प्रश्न मला सतावतो.

मुंबईने तसे काही केले नाही असे नाही. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन शिकवून त्याचे निष्कर्ष १९६९ मध्येच शास्त्रीय नियतकालिकात छापले होते; त्या लेखकांत लोणावळ्याच्या कैवल्यधामचे विनेकरही होते. तेथून जवळच असलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने पुढे स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर योगाची मोठी चाचणी घेतली, आणि डॉ. नीता नायर यांनी २०२२ च्या डिसेंबरात ती सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडली. योगतज्ज्ञ, डॉक्टर आणि भौतिकोपचारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून उपचाराच्या प्रत्येक टप्प्यासाठी सौम्य आसने, शिथिलीकरण आणि प्राणायाम यांचा क्रम ठरवला होता. अनुभवी शिक्षक वर्ग घेत होते. घरच्या सरावासाठी पत्रके आणि सीडी दिल्या होत्या. काम मनापासून दाद द्यावी असे आहे.

वृत्तपत्रांनी त्यातून उचलला तो एक आकडा: रोगमुक्त आयुष्यात १५ टक्के आणि एकूण जगण्यात १४ टक्के सापेक्ष सुधारणा. ‘सापेक्ष’ हा शब्द मथळ्यांत हरवला. समजा, शंभर स्त्रियांपैकी वीस जणींत रोग उलटणार असेल, तर १५ टक्के सापेक्ष घट म्हणजे ढोबळमानाने वीसच्या जागी सतरा. तीन जणींचा फरकही मोलाचा आहे. पण एकट्या चाचणीतला असा फरक पक्का मानण्याआधी तो दुसरीकडेही दिसावा लागतो. योगाने आयुष्य वाढते की नाही हे कळायला अजून वर्षे लागतील. योगाने वृद्ध रुग्णाचा आजचा दिवस थोडा हलका होतो, हे मात्र बऱ्यापैकी ठाऊक आहे. मोठ्या अनिश्चित दाव्याचे ढोल वाजवताना लहान खात्रीची गोष्ट हातातून निसटते आहे, ही माझी मुख्य तक्रार आहे. २१ जूनला मैदाने भरतात, हजारो चटया एका रेषेत मांडल्या जातात. त्या चटईवर खाली बसून पुन्हा उठता न येणारा माणूस त्या चित्रात कुठेच नसतो.

आणखी एक वर्ग या साऱ्या संशोधनात जवळजवळ अदृश्य आहे. तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेले पुरुष आपल्याकडे अगणित. जबड्याची आणि मानेची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांचा खांदा आखडतो, तोंड नीट उघडत नाही, जेवणाला तास लागतो, अन्न कमी जाते आणि शीण वाढतो. त्यांच्या मानेला, खांद्याला, गिळण्याच्या त्रासाला सांभाळून बेतलेला योगक्रम हवा. रॉचेस्टरला या रुग्णांची तितकी निकड भासणार नाही. ते काम परळ, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, बार्शी येथेच व्हायला हवे.

कोणत्याही उपचाराची खरी परीक्षा मात्र महानगराबाहेर होते. म्हणून जरा दूरचे, मराठी माणसाला तरीही अगदीच परके नसलेले एक ठिकाण घेऊ. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यापासून कावेरीच्या त्या खोऱ्यात मराठी कुटुंबे राहत आली. कुंभकोणममध्येही ती आहेत. कुंभकोणमला लागूनच साक्कोट्टै हे गाव आहे, अमृतकलशनाथर या शिवमंदिरासाठी ओळखले जाणारे. अमृताचा कलश प्रलयाच्या पुरात वाहत आला, ही तिथल्या पंचक्रोशीची पुराणकथा. अशा गावातील पासष्ट वर्षांची एखादी स्त्री चेन्नईला अड्यारच्या कर्करोग संस्थेत उपचार घेऊन परत येते. चेन्नई सुमारे ३०० किलोमीटरवर. आठवड्यातून दोनदा योगवर्गाला तिथे जाणे अशक्य, आणि गावातल्या योगशिक्षकाला तिचे हाड, तिची सुजलेली बाहू, तिची औषधे यांतले काहीच सांगितलेले नसते.

पण तमिळनाडूत एक गोष्ट आहे, जी महाराष्ट्राने हेव्याने पाहावी. ऑगस्ट २०२१ पासून तेथे ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’, म्हणजे लोकांच्या दाराशी जाणारे वैद्यक, ही योजना चालू आहे. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या घरपोच होतात, तसेच परिहारक सेवा आणि भौतिकोपचार देणारी माणसेही घरी येतात. साक्कोट्टैच्या त्या स्त्रीपर्यंत पोहोचणारी साखळी म्हणजे हीच. घरी येणाऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञाला दहाबारा आधारित आसने, संथ श्वसन आणि शिथिलीकरण शिकवण्यास फार मोठा खर्च येणार नाही. आणि ते तमिळमध्येच शिकवले पाहिजे. शरीर सैल सोडायला सांगणारा आवाज घरच्या भाषेतला नसेल, तर ऐकणारा अर्थ लावण्यातच गुंततो, सैल होत नाही.

नोंदीही ठेवल्या पाहिजेत. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात डोळ्यांच्या रुग्णांची उपचारांआधीची आणि नंतरची टिपणे लिहून ठेवली जात. ती आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. दोनशे वर्षांपूर्वी त्या मुलखात जे सुचले, ते आज थकव्याबाबत करायला काय हरकत आहे? प्रश्न एकच विचारायचा: शून्य म्हणजे मुळीच नाही आणि दहा म्हणजे कल्पना करवणार नाही इतका, तर या आठवड्यात शीण किती? चार वा अधिक आकडा आला की पुढची तपासणी. रक्तदाब मोजण्याइतकाच हा प्रश्न नेमाने विचारला जावा.

काळजीच्या काही गोष्टी मात्र शिक्षकाच्या मर्जीवर सोडता येणार नाहीत. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांवर असलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात. त्यांना पाठ गोल करून खोल पुढे वाकवू नये. कर्करोग हाडांत पसरला असेल, तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय कोणतेही पिळाचे आसन नको. पायांत बधिरपणा असेल, तर वृक्षासन भिंतीला हात टेकूनच, किंवा नकोच. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्याला कपालभाती शिकवणाऱ्या शिक्षकापासून दूर राहिलेले बरे. शीर्षासन, सर्वांगासन यांचा मोह या वयात, या आजारानंतर कशाला?

हे सारे लक्षात घेऊन लिहिलेली चिठ्ठी कशी दिसेल? हात नसलेली भक्कम खुर्ची, दोन लोड, एक चादर, भिंत. खुर्चीत बसून हात वर, मग अलगद पीळ. लोडावर छाती उघडी ठेवून पाच मिनिटे. पाय खुर्चीवर टेकवून पाठीवर पडणे, आणि खाली बसून उठता येत नसेल तर हेच पलंगावर. शेवटी श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला थोडा अधिक वेळ. आठवड्यातून दोनदा शिक्षकासोबत, एरवी घरी जमेल तेवढे. चार आठवड्यांनी तोच प्रश्न पुन्हा. आकडा उतरला नाही, तर रुग्णाला दोष न देता क्रम बदलायचा किंवा दुसरा उपाय पाहायचा. देशभरातील कर्करोग रुग्णालयांना जोडणारे राष्ट्रीय कर्करोग जाळे २०१२ पासून टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालू आहे. एकसारखे उपचार ठरवून ते सर्वत्र पोहोचवणे हेच त्याचे काम. परळच्या चमूने तयार केलेला क्रम, त्याची पत्रके आणि ध्वनिफिती वृद्धांसाठी थोड्या बदलून मराठीत, तमिळमध्ये, हिंदीत त्या जाळ्यावर ठेवण्यासाठी नव्या चाचणीची वाट पाहावी लागत नाही. एका बैठकीत हे ठरू शकते.